तिच्या चुकांची यादी

मला मावशी म्हणणारी मुलं इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये पुष्कळ आहेत. गणपतीच्या कार्यक्रमात म्हणतात, इंडियन ग्रोसरीत भेंडी निवडताना म्हणतात, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण विद्यापीठाच्या लायब्ररीत, तिसऱ्या मजल्यावरच्या ज्या टेबलाशी मी आणि ती एकाच बाईंच्या हाताखाली पीएचडी करायला बसलो, तिथे पहिल्याच दिवशी ती मोठ्यांदा “हाय मावशी!” म्हणाली, आणि माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते पुढे दोन वर्षं थांबलं नाही.

ती पंचवीस वर्षांची, मी बेचाळीस. ती इथेच जन्मलेली. तिचे आईवडील आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडे राहतात. तिची आई मंडळात नाटकाच्या प्रॅक्टिसला पोहे करून आणणारी, बोलकी बाई. तीच एकदा मला म्हणाली होती, “बोलते गं थोडंफार मराठी, पण वाचायचं नाव नको. रविवारच्या शाळेतून दोन महिन्यांत पळाली.” मी हे वाक्य ऐकलं आणि जपून ठेवलं. तिच्यात काही कमी आहे हे सांगणारं कोणतंही वाक्य मी जपून ठेवत असे.

कारण कमी काही दिसतच नव्हतं. ती बाईंना त्यांच्या पहिल्या नावाने हाक मारायची. माझ्या तोंडून आजही “प्रोफेसर” शिवाय काही निघत नाही. बाईंनी काही विचारलं आणि येत नसलं, तर ती “नो आयडिया” म्हणून हसायची, आणि बाईही हसायच्या. मला येत नसलं तर मी रात्रीचं जेवण नीट जेवू शकत नसे. अकरावीत असताना ती शाळेच्या लॅटिन क्लबबरोबर रोमला जाऊन आली होती. अकरावीत असताना मी सांगलीहून मिरजेलाही एकटी गेले नव्हते. आणि तिचा तो निळा अमेरिकन पासपोर्ट! नुसता खिशात घालायचा आणि निघायचं. हे सगळं तिचं मिळवलेलं नव्हतं, आणि म्हणूनच ते मला जास्त खुपायचं. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, तसं मला तिचं चांगलं लॅटिनही अळणी लागायचं.

मी लॅटिनपर्यंत कशी पोचले तेही सांगते. पुण्यात संस्कृतात एम.ए. केलं, लग्न करून इथे आले, आणि नवऱ्याच्या व्हिसावर नऊ वर्षं घरी बसले, कारण त्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. डोकं गंजू नये म्हणून जवळच्या कॉलेजात लॅटिनचा वर्ग लावला. मला भाषा शिकायची एकच रीत ठाऊक होती, पाठांतर. सांगलीत आमचे गुरुजी संथा द्यायचे. ते एकदा म्हणणार, आम्ही दोनदा म्हणायचं, चुकलं की पहिल्यापासून. त्याच रीतीने मी बायबलमधली स्तोत्रं लॅटिनमध्ये पाठ करायला घेतली. कणीक मळताना, कपड्यांच्या घड्या घालताना, गाडी चालवताना. ख्रिस्ती मठांत हीच दीडशे स्तोत्रं आठवडाभर आळीपाळीने म्हणत, असं वाचलं होतं. नऊ वर्षांत त्यातली शंभरावर माझी तोंडपाठ झाली. नवरा म्हणायचा, “आपल्या घरात देव्हाऱ्यात गणपती आणि स्वयंपाकघरात पोप.”

आता बाईंच्या कामाबद्दल. बाई साठीच्या, उंच, कायम एकच करडा स्वेटर घालणाऱ्या. आयुष्यभर त्यांनी एका प्रश्नाचा पिच्छा पुरवला होता. पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी इटलीतल्या काही विद्वानांना एक वेड लागलं. ऐकीव सोडा, मूळ बघा. ते मठांच्या फडताळांतून जुनी हस्तलिखितं हुडकून काढू लागले, ग्रीक शिकले, काहीजण हिब्रू शिकले, एक प्रत दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहू लागले. हजार वर्षं नकलून नकलून पवित्र ग्रंथातसुद्धा चुका साठल्या आहेत, असं त्यांना दिसलं. पोपच्या सत्तेला आधार म्हणून दाखवला जाणारा एक जुना दस्तऐवज त्या काळातला असूच शकत नाही, हे त्यातल्या एकाने निव्वळ त्यातली भाषा तपासून दाखवून दिलं. गंमत अशी, की यातली बरीच मंडळी चर्चच्याच नोकरीत होती, पोपच्या कचेरीत पत्रं लिहीत होती. खायचं चर्चचं आणि चुकाही काढायच्या चर्चच्याच पोथीतल्या.

मोठ्या शहरांत हे घडलं हे सगळ्यांना माहीत आहे. बाईंचा प्रश्न वेगळा होता. डोंगरातल्या एखाद्या लहानशा मठात, जिथे वीस-पंचवीस माणसं पहाटे उठून तीच स्तोत्रं म्हणत होती, तिथपर्यंत हे वारं पोचलं का? आणि पोचलं तर कसं दिसलं? त्यासाठी त्यांनी दक्षिण जर्मनीतल्या एका मठाच्या प्रमुखाची वही धरली होती. हा माणूस रविवारी प्रवचन द्यायचा आणि त्याची टिपणं वहीत ठेवायचा. वहीच्या पानांचे फोटो आमच्याकडे होते. मूळ वही तिकडच्या एका संग्रहात. तीन वर्षं झाली तरी त्या वहीत बाईंना हवं होतं ते सापडलेलं नव्हतं. जूनमध्ये मूळ वही बघायला त्या जाणार होत्या आणि एका विद्यार्थ्याला बरोबर नेणार होत्या. जागा एकच.

मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती, की जूनमधली कुठलीच आमंत्रणं मी घेत नव्हते. ज्या वहीचे फोटो मी दोन वर्षं स्क्रीनवर ताणून ताणून पाहिले, तिला एकदा हात लावायचा होता. नऊ वर्षं घरात बसून म्हटलेली स्तोत्रं ज्या माणसाने खरोखर पहाटे म्हटली, त्याचं अक्षर बघायचं होतं. आणि खरं सांगायचं तर तिला ती जागा मिळू नये, हेही तितकंच हवं होतं.

कामाची रीत अशी होती. प्रत्येक पान आम्ही दोघींनी स्वतंत्र उतरवून काढायचं, एकमेकींचं न बघता. मग ते सामाईक फोल्डरमध्ये टाकायचं. शुक्रवारी तिघी बसायचो, महिना-दोन महिने आधी उतरवलेली पानं घेऊन. एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने आपल्या प्रतीवर बोट ठेवायचं, फरक आला की बाई फोटो उघडणार आणि निर्णय देणार. यात एक न लिहिलेला शिष्टाचार होता. शुक्रवारच्या आधी फोल्डर चाळताना दुसरीची चूक दिसली, तर हळूच कळवायचं, म्हणजे बाईंसमोर फजिती नको. ती मला कळवायची. “मावशी, पान नऊ, लाइन फोर, चेक कर ना प्लीज.” दर दोन-तीन आठवड्यांनी असा एखादा मेसेज यायचा. प्रत्येक वेळी ती बरोबर असायची, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, बघा, लक्ष ठेवून आहे माझ्यावर.

वेगात मात्र मी पुढे होते. ती दिवसाला दोन पानं काढायची, मी पाच. “मावशी, तू इतकी फास्ट कशी करतेस यार?” ती म्हणायची. मी नुसती हसायचे. गुपित साधं होतं. त्या माणसाच्या प्रवचनात दर चार ओळींना स्तोत्राची ओळ येत असे. बहुतेकदा शब्दांची नुसती आद्याक्षरं, तीही शाई उडालेली, एकात एक घुसलेली. पण मला सुरुवातीची अक्षरं दिसली की पुरे, बाकीची ओळ आतून आपोआप यायची. ती मात्र बिचारी एकेक अक्षर भिंगाखाली घ्यायची, कारण तिला एकही स्तोत्र पाठ नव्हतं. मला तिची कीव यायची, आणि ती कीव फार गोड लागायची.

मार्चमध्ये बाईंनी सांगितलं, की पुढच्या शुक्रवारनंतर त्या कोणाला न्यायचं ते ठरवणार. सोमवारी मी फोल्डर उघडलं आणि तिची पानं वाचायला घेतली. अठराव्या पानावर थबकले. स्तोत्राची एक ओळ होती आणि तिने ती भलतीच लिहिली होती. जुन्या, सगळ्यांच्या पाठातल्या ओळीत शिस्त घट्ट धरायला सांगितलंय. तिने जे लिहिलं होतं त्याचा अर्थ होत होता, पूजा निर्मळ मनाने करा. मी माझी प्रत काढली. माझी बरोबर होती, म्हणजे पाठातल्यासारखी. मग मी कंबर कसली. बुधवारपर्यंत तिची सगळी पानं पिंजून काढली आणि अशा सात जागा सापडल्या. सातही ठिकाणी स्तोत्राची ओळ, सातही ठिकाणी तिचं काहीतरी वेगळंच.

तिला कळवायचं होतं. शिष्टाचार होता. मी फोन उघडून “पान अठरा” एवढं टाइपही केलं. मग पुसलं.

त्याऐवजी पिवळा पॅड घेतला आणि यादी केली. पान, ओळ, तिने लिहिलेलं, बरोबर काय ते. सुवाच्य अक्षरात, रेघा आखून. एवढं नीटनेटकं काम मी प्रबंधाचंही केलं नव्हतं. वर मथळा दिला, “तिच्या चुका”. देवनागरीत दिला, कारण त्या मजल्यावर देवनागरी ही माझी एकटीची कुलुपबंद पेटी होती. मी समासात बाईंच्या स्वेटरबद्दलसुद्धा लिहायचे. नवऱ्याने डायनिंग टेबलावर यादी पाहिली आणि म्हणाला, “अगं, पोरीशी कसली कॉम्पिटिशन करतेस? तिच्या आईला काय वाटेल?” मी म्हटलं, “ही पोर-बीर काही नाही, कलीग आहे.” मला मावशी म्हटलेलं चालत नव्हतं आणि तिला पोर म्हटलेलंही.

शुक्रवारी वाचायची पाळी तिची होती. अठरावं पान आलं, ती ओळ आली, तिने आपलं निर्मळ पूजेचं वाक्य वाचलं. मी बोट उचललं.

“ही चूक आहे,” मी बाईंना म्हणाले. “आणि ही एकच नाही. मी यादी केली आहे.” पॅड टेबलाच्या मध्यावर ठेवला. माझा आवाज फार शांत होता. तो शांत ठेवायचा सराव मी गाडीत केला होता.

ती गोंधळली. माझ्याकडे बघून म्हणाली, “ओके मावशी, बट आय जस्ट रोट व्हॉट आय सॉ.”

बाईंनी फोटो उघडला आणि मोठा केला. मी माझ्या मनात ती ओळ म्हणत होते, शिस्त घट्ट धरण्याची, आणि फोटोकडे बघत होते, आणि पान दुसरंच काही म्हणत होतं. बाईंनी स्क्रीनवर पेन्सिलीचं टोक ठेवून एकेक अक्षर दाखवलं. पोरीने लिहिलं होतं तेच पानावर होतं. स्वच्छ. मी दोन महिन्यांपूर्वी हेच पान उतरवलं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं, कारण मी ते पाहिलंच नव्हतं. पहिलं अक्षर पाहिलं होतं आणि पुढचं म्हटलं होतं.

दुसरी जागा. तीच बरोबर. तिसरी. चौथी. पाचव्या जागेला माझ्या कानांतून गरम वाफा निघत होत्या. सातव्यापर्यंत मी खिडकीबाहेरच्या पाइनच्या झाडाकडे बघत बसले होते. तोंडावर आपटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. आणि आपटले होते तेही स्वतःच रेघा आखलेल्या कागदावर.

पण बाई माझ्याकडे बघत नव्हत्याच. त्या पॅडवर वाकल्या होत्या, स्वेटरची बाही मनगटावरून मागे सारत. मग त्या सांगू लागल्या. हा माणूस नेहमी स्तोत्राची ओळ आली की चार आद्याक्षरं लिहून पुढे जातो, कारण त्याला आणि ऐकणाऱ्यांना ती पाठच आहे. या सात जागी मात्र त्याने अख्खी ओळ लिहिली आहे. का? कारण ती त्याला पाठ नव्हती. कुठूनतरी बघून लिहिलेली होती. हिब्रूवरून केलेल्या दुसऱ्या भाषांतरातली ओळ होती ती. त्या काळात नव्या विद्वानांनी एकाच स्तोत्राची वेगवेगळी भाषांतरं शेजारी शेजारी छापायला सुरुवात केली होती, आणि तसलं एखादं पुस्तक डोंगर चढून या माणसाच्या हातात पडलं होतं. त्याने कोणाशी भांडण केलं नाही, पोपला पत्र लिहिलं नाही. पहाटे सगळ्यांबरोबर जुनी ओळ म्हटली, आणि रविवारी प्रवचनात हळूच नवी वापरली. मठाचा प्रमुख, ज्याचं काम शिस्त लावणं, त्याने शिस्तीची ओळ बाजूला ठेवली आणि निर्मळ मनाची घेतली. बाईंना तीन वर्षं हवं होतं ते हेच होतं.

“या सात जागा एकत्र कोणी काढल्या?” बाईंनी विचारलं. “या कामात झालेली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ही यादी.”

करायला गेले एक आणि झालं भलतंच. तीच बोलली. “मावशीने. शी चेक्ड ऑल माय पेजेस. ऑल ऑफ देम.” जणू मी तिच्यावर उपकार केले होते. माझी मान खाली गेली.

मग बाईंनी मथळ्यावर बोट ठेवलं. “हे काय लिहिलंय?”

मी पॅडकडे हात नेला. तिने पॅड स्वतःकडे ओढला, क्षणभर मथळ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “इट सेज ‘डिफरन्सेस’.”

मी सुटले. मनात म्हटलं, वाचता येत नाही, अंदाजाने ठोकून दिलं पोरीने, देव पावला. तिच्या अडाणीपणाचे मी त्या दिवशी आभार मानले. आणि घरी जाताना गाडीत पुन्हा तिचा रागही आला, की हिचा अंदाजसुद्धा बरोबर जागी पडतो.

निर्णय पुढच्या आठवड्यात झाला. बाईंनी मला खोलीत बोलावलं, चहा दिला, आणि चहा दिला तेव्हाच मला कळलं. मूळ वहीत फोटोत न आलेल्या जागा होत्या, शिवणीच्या आत गेलेल्या ओळी होत्या. तिथे जे दिसतं तेच लिहिणारे डोळे हवेत, असं त्या म्हणाल्या. लेख तिघींच्या नावाने होईल. “पण तिला एक उणीव आहे,” बाई म्हणाल्या. “नवी ओळ समोर आली तरी ती नवी आहे हे तिला कळत नाही, कारण जुनी तिला येत नाही. ते तुम्हालाच कळतं. जूनपर्यंत तिला शिकवाल का, जमतील तेवढी?”

मी हो म्हटलं. नाही म्हणायला तोंड नव्हतं. पार्किंगमध्ये गाडीत बसून मात्र मी रडले, आणि ते पश्चात्तापाने नव्हतं. मला ती जागा हवी होती, बस्स. त्या मठात रोज पहाटे जुनी ओळ म्हणणारे जे बाकीचे वीस-पंचवीस जण होते, त्यांच्याबद्दल इतिहासात कोणी फारसं लिहीत नाही. ज्यांनी जन्मभर पाठ केलं, आणि एका रविवारी समोरून वेगळीच ओळ ऐकली. त्यातल्या एखाद्याच्या पोटात किती दुखलं असेल हे मला बाईंपेक्षा जास्त कळत होतं.

एप्रिलपासून ती आठवड्यातून चार सकाळी आमच्या घरी यायची. घरामागच्या लाकडी डेकवर आम्ही बसायचो. मी एकदा म्हणायचे, तिने दोनदा म्हणायचं, चुकली की पहिल्यापासून. तिला हा प्रकार फार आवडला. “मावशी, इट्स लाइक जिम!” शेजारचा म्हातारा अमेरिकन कुत्रा फिरवताना थांबून ऐकायचा. ती भराभर शिकत होती. मला नऊ वर्षं लागली ते तिने दहा आठवड्यांत अर्धं केलं, अर्थात तिला दिवसभर कणीक मळायची नव्हती. मी चिडून जास्त मोठी मोठी स्तोत्रं द्यायचे. ती तीही घेऊन यायची.

एक कबुली द्यायची आहे. दुसरं स्तोत्र मी मुद्दाम वगळलं. यादीतली पहिली जागा त्याच स्तोत्रातली होती, शिस्तीची. पहिलं शिकवलं, मग थेट तिसऱ्यावर गेले. माझ्याकडे एवढं तरी राहू दे, असं वाटलं. मेच्या शेवटच्या आठवड्यात तीच म्हणाली, “मावशी, आपण नंबर टू स्किप केलं का?” मी म्हटलं, “राहिलं वाटतं,” आणि शिकवलं. ती ओळ आली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं नाही, डोळे मिटून दोनदा म्हटली.

जायच्या आदल्या दिवशी ती निरोप घ्यायला आली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी भाजणीच्या दोन पिशव्या भरून ठेवल्या होत्या, वर मार्करने मराठीत नावं घालून, एकीवर “चकली”, दुसरीवर “थालीपीठ”. दोन्ही भाजण्या दिसायला सारख्याच. मी आतून ओरडले, “ओट्यावरची थालिपिठाची पिशवी तुझ्या आईला ने गं.” ती घेऊन गेली. संध्याकाळी बघितलं तर चकलीची ओट्यावर होती, थालिपिठाची गेली होती. बरी मिळाली बरोबर, असं म्हणून मी चकलीची डब्यात भरली.

ती जर्मनीला गेल्यावर चौथ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होते. तिकडे दुपार असणार. फोन वाजला. तिने फोटो पाठवला होता. लाकडी टेबल, फोमच्या उशीवर उघडून ठेवलेली ती वही, तपकिरी, माझ्या कल्पनेपेक्षा लहान. शेजारी माझ्या यादीची प्रत, बाईंनी तिला दिलेली. सातव्या ओळीखाली पेन्सिलने नवी ओळ लिहिलेली होती. सुरुवातीला “८”, मराठी आठ. मग पान, ओळ, पानावर काय आहे, आणि पाठात काय आहे.

खाली मेसेज होता, अख्खा देवनागरीत.

“मावशी, आठवी जागा सापडली. शिवणीच्या आत होती. मी मनात तू शिकवलेलं म्हणत होते आणि पान वेगळंच म्हणत होतं, म्हणून कळलं. हेडिंग तसंच ठेवू की बदलू?”

मी कप खाली ठेवला. ओट्याकडे पाहिलं, जिथे त्या दोन पिशव्या होत्या. मग लिहून विचारलं, “तुला वाचता येतं? कधीपासून?”

“डिसेंबरपासून. पंधरा दिवस लागले. जुन्या स्क्रिप्ट्स वाचणं हाच तर आपला जॉब आहे ना मावशी.”

डिसेंबर. आणि ती यादी मार्चमधली. म्हणजे त्या शुक्रवारी तिने पॅड स्वतःकडे ओढला, क्षणभर मथळ्याकडे बघितलं, तेव्हा तिने तो वाचला होता. वाचून, माझं तोंड बघून, बाईंना दुसरंच सांगितलं होतं. आणि पुढे दहा आठवडे माझ्या डेकवर येऊन, चुकली की पहिल्यापासून म्हणत बसली होती. तिला वाचता येत नाही हे मला कोणीतरी एकदा सांगितलं होतं आणि मी तेवढं पाठ केलं होतं. तिच्याकडे पाहिलं कुठे होतं?

लाज वाटली, ती वाटलीच. पण त्याहून जास्त काय वाटलं तेही सांगते. तिला रोम मिळालं होतं, निळा पासपोर्ट मिळाला होता, वहीपाशी खुर्ची मिळाली होती, त्या सगळ्यांचा मिळून मला जेवढा मत्सर वाटला नव्हता तेवढा या एका गोष्टीचा वाटला. तिच्या जागी मी असते तर मी बाईंना मथळा मोठ्याने वाचून दाखवला असता. शब्दन्‌शब्द.

नवरा उठून आला आणि म्हणाला, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही, कामाचं.” मग उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, आणि तिसऱ्यांदा लिहिलेलं पाठवलं.

“बदल. ‘तिच्या’ खोड आणि ‘मावशीच्या’ लिही.”

थोड्या वेळाने नवा फोटो आला. मथळ्यातल्या पहिल्या शब्दावर पेन्सिलची एक सरळ रेघ होती, आणि वर लिहिलं होतं, “मावशीच्या”. सहा महिन्यांपूर्वी शिकलेल्या लिपीत. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.